मण्यावरचा अंगठा

समजा, तुमच्यासमोर कोमट पाण्याचं एक घमेलं आहे. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पडलेला आहे. डाव्या हाताच्या चिमटीत तुम्ही एक मणी धरलाय, हरभऱ्याहून थोडा मोठा. उजव्या हातात वॉटर पेपरचा तुकडा आहे, गाड्या रंगवणारे लोक दार घासायला वापरतात तोच काळा कागद. मणी पाण्याखाली ठेवायचा आणि घासायला लागायचं. गोल, हलक्या हाताने, सतत फिरवत. एका जागी रेंगाळलात तर तिथे तो सपाट होतो आणि मग मण्याचा फासा व्हायला वेळ लागत नाही.

हा मणी पॉलिमर क्लेचा आहे. मुलं शाळेत जी रंगीत माती चिवडतात तिची ही शिकलेली मोठी बहीण. मळायची, वळायची, सुईने भोक पाडायचं आणि छोट्या ओव्हनमध्ये भाजायची. भाजली की टणक. पण भाजायच्या आधी तिला जे जे लागेल ते ती जन्मभर लक्षात ठेवते. धूळ, केस, स्वेटरचा धागा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बोटांचे ठसे.

तेव्हा तुमचं काम म्हणजे स्वतःचेच ठसे पुसणं. आधी चारशे नंबरचा कागद, मग सहाशे, आठशे, हजार, असं बारीक बारीक होत वर जायचं. प्रत्येक कागद आधीच्याचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे ठेवून जातो, बदलून आलेल्या साहेबासारखा. शेवटचे ओरखडे डोळ्यांना दिसेनासे झाले की मणी पुसून जुन्या जीन्सच्या तुकड्यावर घासायचा. खिडकीची चौकट त्यात दिसायला लागली की थांबायचं.

झालं. आता त्या मण्यावर तुमचा कसलाही पुरावा उरलेला नाही. अभिनंदन. आता हा मणी मी केलाय, हे कोणाला तरी पटवून दाखवा.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या झिलईकाकू कित्येक वर्षं हाच प्रयत्न करत आहेत. त्यांचं खरं नाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे, पण ती पाटी काकूंनी स्वतः इतकी घासली आहे की आता ती फक्त आरसा म्हणून उपयोगी पडते. मी तळमजल्यावर राहतो. जिना चढून त्यांच्याकडे गेलं की बेल वाजवायच्या आधी भांग नीट करता येतो.

त्यांच्या घरात चमचे चकाकतात, नळ चकाकतात, दाराच्या बिजागऱ्या चकाकतात. न चकाकणारी एकच वस्तू घरात आहे, ती म्हणजे काका. काका लिफ्ट दुरुस्त करतात. ग्रीसने त्यांच्या बोटांच्या चिरांमध्ये कायमचा मुक्काम केला आहे. त्यामुळे संध्याकाळी कामावरून आले की त्यांना स्वतःच्याच घरात दोन्ही हात वर धरून शिरावं लागतं, पोलिसांनी घेरल्यासारखं, आणि तसंच थेट बेसिनपर्यंत चालत जावं लागतं.

कारण काकूंच्या घरात एकच कायदा आहे: कच्च्या मण्याला हात लावायचा नाही. भाजायची वाट बघत असलेल्या मण्यांचं ताट जेवायच्या टेबलावर जाळीखाली झाकलेलं असतं, आणि जेवणारी माणसं त्याच्या कडेकडेने जेवतात. काकू स्वतः रबरी हातमोजे घालून मणी वळतात. तरीही कुठे काही उमटलंच तर त्यावर कागद आहेतच. बाकीच्यांनी हात पाठीमागे बांधून फिरायचं. नव्या पाहुण्याला वाटतं, या घरातली सगळी माणसं निवृत्त मुख्याध्यापक आहेत.

“आई, मी फक्त बघतेय,” असं काकूंची लेक लहानपणापासून म्हणत आली आहे. आता ती नोकरी करते, तरी म्हणते.

“बघायला डोळे लागतात, बोटं नाही. हात मागे.”

मणी तयार झाले की त्यांच्या माळा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जातात. तिथे त्या केसांच्या क्लिपा आणि किल्ल्यांची कडी यांच्या मधल्या खिळ्याला लटकतात. एकदा काकू डिंकाची बाटली घ्यायला गेल्या होत्या, तेव्हा एक गिऱ्हाईकबाई त्यांचीच निळी माळ हातात घेऊन उभी होती.

“किती सुंदर आहे हो! कुठल्या कंपनीची?”

“बाहेरची आहे,” दुकानदार डोळ्यांची पापणीही न हलवता म्हणाला. “मशीनची. एक मणी दुसऱ्याहून वेगळा दाखवा, माळ फुकट घेऊन जा.”

काकूंना राहवलं नाही. “अहो, मशीनची कसली? मी केलीय. हाताने.”

बाईंनी काकूंकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग दुकानदाराकडे वळून म्हणाल्या, “हाताने केलेली असेल तर थोडी कमी करा ना.”

परक्या बाईचं एक वेळ सोडून देता येईल. पण काकूंची नणंद, म्हणजे काकांची सख्खी बहीण, दर भेटीत काकूंना खिडकीपाशी घेऊन जायची आणि आवाज खाली आणून विचारायची, “वहिनी, माझ्यापासून काय लपवायचं? किलोने कुठून आणतेस? घरी फक्त ओवतेस ना?”

म्हणून काकूंनी ठरवलं, हस्तकलेच्या प्रदर्शनात टेबल मिळवायचं. दर वर्षी गावातल्या मोठ्या सभागृहात ते भरतं. ज्याला टेबल मिळतं त्याच्यापुढे एक जाड कार्ड उभं करून ठेवतात. त्यावर कलाकाराचं नाव, आणि खाली छापलेलं: ‘संपूर्ण हाताने केलेले’. विक्री झाली नाही तरी चालेल, काकूंना ते कार्ड हवं होतं. प्रदर्शन संपलं की ते फ्रेम करायचं आणि नणंद जिथे बसते त्या खुर्चीच्या बरोबर समोर लावायचं, इथपर्यंत ठरलेलं होतं. खिळासुद्धा ठोकून झाला होता.

टेबल कोणाला द्यायचं हे ठरवायला एक निवड समिती असते. समितीत दोन माणसं: एक अध्यक्षबाई, दुसरे दाढीवाले परीक्षक. त्यांच्या खोलीत एका कोनाड्यात तडा गेलेलं मडकं ठेवलं होतं आणि त्या तड्यावर स्वतंत्र दिवा सोडला होता. अध्यक्षबाईंच्या गळ्यात विटांचे तुकडे ओवल्यासारखं काहीतरी होतं. काकूंनी ते बघितलं आणि त्यांची बोटं आपोआप वॉटर पेपर शोधायला लागली. त्यांनी ती आवरली आणि आपली निळी माळ टेबलावर ठेवली.

अध्यक्षबाईंनी ती उचलली, उजेडात धरली आणि डॉक्टर रिपोर्ट वाचून जसा श्वास सोडतात तसा सोडला.

“हे फारच चांगलं आहे.”

“थँक्यू.”

“तोच तर प्रॉब्लेम आहे.”

“कसला प्रॉब्लेम?”

“एकही चूक नाही,” परीक्षक दाढीवरून हात फिरवत म्हणाले. “सगळं गुळगुळीत. यात माणूस कुठे आहे?”

“माणूस हा काय, समोर बसलाय,” काकू म्हणाल्या.

“नाही हो, मण्यात. मण्यात माणूस दिसला पाहिजे.”

“मण्यातला मी घासून काढला. सोपं नसतं ते. बोटं सुजतात.”

दोघांनी एकमेकांकडे दुःखाने बघितलं. अध्यक्षबाई समजुतीच्या सुरात बोलू लागल्या. यंत्राच्या युगात माणसाचा स्पर्श कसा हरवत चालला आहे, खडबडीतपणात केवढा प्रामाणिकपणा असतो, वगैरे. काकूंनी पर्स उचलायला घेतली. तेवढ्यात परीक्षकांचं भिंग माळेवरून सरकत सरकत कडीपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं.

“सापडला!” ते ओरडले.

“कोण?”

“माणूस!”

कडीजवळच्या शेवटच्या मण्यावर एक खळगा होता, आणि त्या खळग्यात अंगठ्याचा ठसा. स्वच्छ, रेष न रेष मोजता येईल असा. भोवऱ्यासारख्या गोल रेषा आणि त्यांना छेदून गेलेली एक तिरकी बारीक खूण, कधीतरी काहीतरी कापल्याची. काकूंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. भर बाजारात पदराला ठिगळ दिसावं तसं त्यांना झालं.

“हा... हा चुकून आलाय. हा यातला नाहीच. मी आत्ता—”

“चुकून!” परीक्षकांनी टेबलावर थाप मारली. “ऐकलंत? चुकून! अहो, हाच तर मोकळेपणा आम्ही शोधतोय.”

“बाकीचे मणी छान आहेत,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “पण हा एकटा जिवंत आहे.” आणि त्यांनी तो मणी गालाला लावला.

निकाल तिथेच लागला. पुढच्या आठवड्यात काकूंनी अशाच मण्यांची पूर्ण माळ आणायची. हाच हात, हाच दाब, असेच ठसे. टेबल पक्कं, आणि तेही दरवाज्याजवळचं, जिथे सगळी गर्दी आधी थांबते.

काकू घरी आल्या त्या चपला न काढताच. काका नुकतेच हात धुऊन बसले होते.

“अहो, सकाळी माळेची कडी कोणी बसवली?”

“मी. तूच सांगितलंस. गाठ घट्ट बसते म्हणून.”

“शेवटचा मणी कुठला घातलात?”

काकांनी पंख्याकडे बघितलं. पंख्याने मदत केली नाही. “एक मणी निसटून फ्रिजखाली गेला. तू तयार होत होतीस, उशीर होत होता. मग मी त्या डब्यातला एक घेतला.”

“बादच्या डब्यातला?”

“त्यावर कुठे लिहिलंय बाद? डबा तर बिस्किटांचा आहे.”

“मग उघडल्यावर कळलं नाही?”

“बिस्किटं असतील म्हणूनच उघडला होता.”

तर हा तो मणी. काही महिन्यांपूर्वी ओव्हनमधून ताट काढल्यावर काकूंना तो दिसला होता. ठसा इतका खोल, की घासून काढायचा तर अर्धा मणी गेला असता. तेव्हा काकूंनी सगळ्या घराला टेबलाभोवती उभं करून चौकशी केली होती. कोणी कबूल झालं नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही, मणी बादच्या डब्यात गेला आणि प्रकरण मिटलं.

आता तेच प्रकरण पुन्हा उघडलं. फौजदार त्याच, फक्त या वेळी गुन्हेगाराला शिक्षेऐवजी काम द्यायचं होतं.

काकूंनी निळी क्ले मळून चपटी लाटली, तिचे चौकोन कापले आणि ताटात मांडले. प्रत्येकाने अंगठा उमटवायचा, मग तो मण्याशेजारी धरून ताडून बघायचा. पहिल्या सासूबाई, कारण त्या टीव्हीसमोरून हलत नाहीत, त्यामुळे त्यांना पळून जाता येत नाही.

“आई, जरा अंगठा द्या.”

सासूबाईंनी हात पदराखाली घेतला. “काय लिहून घेतेयस गं माझ्याकडून?”

“काही लिहून घेत नाही. नुसता अंगठा हवाय.”

“सगळे असंच म्हणतात. आधी वाचून दाखव.”

“वाचू काय? त्यावर काहीच लिहिलेलं नाही!”

“म्हणजे कोऱ्यावर घेतेयस? मग तर मुळीच देणार नाही.”

शेवटी काकांनी आधी स्वतःचा अंगठा उमटवून दाखवला. तो उमटला काळाकुट्ट, ग्रीससकट. मण्यावर कणभरही काळं नव्हतं, त्यामुळे काका निर्दोष सुटले. सासूबाईंचाही ठसा जुळला नाही. “मी म्हटलंच होतं,” त्या म्हणाल्या, जरी त्यांनी तसं काही म्हटलेलं नव्हतं.

लेक स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

“आई, हा सापळा आहे.”

“सापळा कसला? टेबल मिळतंय त्याच्यामुळे. जो असेल त्याचे मी पाय धरीन.”

“काचेचा जग फुटला तेव्हाही म्हणाली होतीस, खरं सांग, रागावणार नाही.”

“मग? रागावले होते का?”

“अख्खा रविवार.”

“ते जग फोडलास म्हणून. खरं सांगितलंस म्हणून नाही.”

लेकीने अंगठा दिला. त्यावर भोवरा नव्हता, नुसत्या कमानी होत्या. काकूंचा चेहरा उतरला. जगात पहिल्यांदाच एखादी आई आपल्या मुलीने काही केलं नाही म्हणून नाराज झालेली होती.

मग इमारतीची पाळी आली. मला बोलावणं आलं. माझा अंगठा अख्ख्या मण्यापेक्षा मोठा निघाला. “तुझा नाही,” काकू म्हणाल्या, आणि पुढच्या इयत्तेत न गेल्यासारखं मला वाटलं. वॉचमन, गॅसवाला, पेपरवाला, केबल जोडून गेलेला माणूस, जो कोणी कधी त्या टेबलाजवळून गेला असेल त्या प्रत्येकाचा अंगठा ताटात उमटला. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त साहेब न बोलावताच आले.

“माझाच असणार तो,” ते म्हणाले. “माझ्यात लहानपणापासून कला आहे. घरच्यांनी वाव दिला नाही.”

“पण तुम्ही आमच्या घरात कधी आलाच नाहीत,” काका म्हणाले.

“मग हे कसं झालं असेल?” साहेबांनी गंभीरपणे विचारलं, आणि अंगठा देऊनच गेले.

एकही जुळला नाही. ती तिरकी खूण तर कोणाच्याच अंगठ्यावर नव्हती. कापलेलं भरून आलं असेल तर ती कधीच मिटलीही असेल. काकू ताट पुढे घेऊन बसल्या होत्या. अचानक त्यांनी कपाळावर हात मारला.

“माझाच असला तर? हातमोजा फाटला असेल एखाद्या दिवशी. मी माझाच बघितला नाही!”

त्यांनी एक नवा चौकोन घेतला आणि त्यावर अंगठा दाबला. उचलला. क्लेवर एक सुबक खळगा होता. त्यात रेष नव्हती. त्यांनी पुन्हा दाबला, जोर लावून. पुन्हा खळगा, बशीच्या तळासारखा गुळगुळीत. काका लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना वापरतात ती बॅटरी घेऊन आले आणि त्यांनी काकूंच्या अंगठ्यावर उजेड टाकला.

“अगं, तुझा अंगठा कुठे गेला?”

गेला होता खरा. मणी घासताना कागद काही मण्यापुरताच थांबत नाही. इतकी वर्षं मण्याबरोबर काकूंच्या बोटांनाही चारशे, सहाशे, आठशे, हजार असे सगळे नंबर लागलेले होते. लेक डोळे मोठे करून म्हणाली, “म्हणून तुझा फोन अंगठ्याने उघडायचा नाही! आणि आपण फोन बदलला!”

काकूंनी अंगठा खिडकीच्या उजेडात धरला, आडवा केला, उभा केला. मण्याकडे बघतात तसंच बघत होत्या.

“झालाय मात्र छान,” त्या म्हणाल्या. “एकही ओरखडा नाही.”

आठवडा संपत आला होता. दुसरा अंगठा मिळत नव्हता, तेव्हा काकूंनी आहे तोच वापरायचं ठरवलं. त्यांनी हातमोजे काढले, निळे मणी वळले आणि प्रत्येकावर स्वतःचा अंगठा दाबला. भाजले. मग आली खरी परीक्षा: मणी न घासता ठेवायचे. काकू स्वयंपाकघरात गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा गेल्या. एकदा काकांनी त्यांना घमेल्यात पाणी भरताना पकडलं. “भाजी धुतेय,” त्या म्हणाल्या. घरात भाजी नव्हती.

समितीपुढे त्यांनी नवी माळ ठेवली आणि शेजारी तो जुना मणी. परीक्षकांनी भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

“हे साच्यातून काढलेत.”

“साचा नाही. माझा अंगठा आहे.”

“ताई, अंगठ्याला रेषा असतात.”

काकूंनी अंगठा पुढे केला. परीक्षकांनी भिंग त्यावर नेलं. अध्यक्षबाईही वाकल्या.

“हं,” परीक्षक शेवटी म्हणाले. “फिनिशिंग चांगलं आहे.”

पण निर्णय बदलला नाही. उलट आता त्यांच्या ध्यानात आलं की जिवंत मण्याचा कलाकार दुसराच कोणीतरी आहे. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “तुम्ही त्यांना घेऊन या. टेबल त्यांच्या नावावर करू.”

“कोणाच्या?”

“ज्यांचा अंगठा आहे त्यांच्या.”

“अहो, पण क्ले मी मळली! मणी मी वळला, भोक मी पाडलं, भाजला मी! त्याने नुसता बिघडवला!”

“ते नाकारत नाही आम्ही. तांत्रिक साहाय्य म्हणून तुमचा उल्लेख करू. खाली.”

घरी आल्यावर लेक म्हणाली, “आई, मी सांगते ना माझा म्हणून. कोण अंगठा तपासायला बसलंय? टेबल तर मिळेल.”

“आणि कार्डावर नाव कोणाचं येईल?”

“माझं.”

“मग ते भिंतीवर लावून आत्याला काय सांगू? की मणी मी केले, पण नाव हिचं आहे, आणि अंगठा हिचाही नाही?” काकूंनी खिळ्याकडे बघितलं. “राहू दे.”

टेबल गेलं. मणी मात्र समितीने ठेवून घेतला होता. प्रदर्शन भरलं तेव्हा काकू सगळ्या घराला घेऊन गेल्या, सासूबाईंनासुद्धा. सभागृहाच्या अगदी मध्ये एक काचेची पेटी होती. पेटीत एक छोटा आरसा, आरशावर तो मणी, आणि वरून प्रकाशझोत. मडक्याच्या तड्यावरचा दिवा बहुतेक इथे आणला होता. शेजारी कार्ड: ‘स्पर्श. कलाकार अज्ञात. संपूर्ण हाताने केलेले.’ त्याखाली तांत्रिक साहाय्य असं लिहून काकूंचं नाव होतं, इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला परीक्षकांचंच भिंग लागलं असतं.

पेटीपुढे घोळका होता. एक बाई मैत्रिणीला सांगत होती, “बघ, केवढा जीव आहे यात! नाहीतर आपण घालतो ती मशीनची माळ.” आणि तिने पुरावा म्हणून स्वतःच्या गळ्यातली माळ बोटाने उचलून दाखवली. माळ काकूंची होती. लाल, मागच्या वर्षीची, उत्तम घासलेली.

“सूनबाई,” सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, “ही तर तुझीच—”

“असू दे, आई,” काकू म्हणाल्या.

असं त्या म्हणाल्या हे मला काकांनी नंतर सांगितलं, तेव्हा मी आधी विश्वास ठेवला नाही. काकू अशा गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. पण त्या वेळी त्यांचं लक्ष बाईकडे नव्हतंच. त्या वाकून आरशात बघत होत्या. आरशामुळे मण्याची खालची बाजू दिसत होती, आणि तिथेही काहीतरी उमटलं होतं. अगदी पुसट. तर्जनीचं टोक.

काकूंनी तो मणी तोवर कधी उलटा करून बघितलाच नव्हता. पहिल्यांदा दिसला तेव्हा राग आला म्हणून, आणि नंतर सगळा जीव अंगठ्यात अडकला होता म्हणून. धक्का लागून, हात टेकून असा ठसा उमटला असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. पण धक्का लागला तर ठसा एकाच बाजूला उमटतो. इथे वर अंगठा होता, खाली बोट. म्हणजे कोणीतरी जाळी उचलली होती, मणी चिमटीत घेतला होता, बहुतेक उजेडात धरून फिरवून बघितला होता, आणि मग पुन्हा जागच्या जागी ठेवून दिला होता. सगळ्या ताटातून नेमका तो एक निवडून. त्या घरात मणी कसा होतो, हे आजवर काकूंना कोणी एकदाही विचारलेलं नव्हतं.

काकूंनी नकळत काचेवर हात ठेवला.

“ताई, काचेला हात लावू नका,” तिथे उभा असलेला माणूस म्हणाला. “ठसे उमटतात.”

काकूंनी हात काढला. काच स्वच्छ होती. त्या माणसाने तरीही फडकं फिरवलं, नोकरी होती त्याची.

त्या दिवसापासून त्यांच्या घरातला कायदा बदलला आहे, पण प्रजेला ते अजून पटलेलं नाही. ताटावरची जाळी आता भिंतीला टांगलेली असते. कच्चे मणी टेबलावर उघडे पडलेले असतात. काकू मुद्दाम बाल्कनीत जाऊन कपडे झटकत बसतात आणि आत यायच्या आधी मोठ्याने खोकतात. मग काकांची बॅटरी घेऊन एकेक मणी तपासतात, खालून आणि वरून. कशावरही काही नसतं. माणसं इतकी उत्तम तयार झाली आहेत की रिकाम्या खोलीतसुद्धा त्यांचे हात पाठीमागेच असतात.

परवा मी वर गेलो होतो. सगळे चहाला बसले होते. ताट मध्ये होतं, हिरवे मणी होते, आणि सगळे आपापल्या कपात बघत होते. काकूंनी ताट थोडं पुढे सरकवलं.

“मी रागावणार नाही,” त्या म्हणाल्या.

लेकीने काकांकडे बघितलं. काकांनी पंख्याकडे. सासूबाईंनी हात पदराखाली घेतला.

“कोण होतं, ते राहू दे. नाव नको मला. अंगठाही नको.” काकू आपला गुळगुळीत अंगठा कपाच्या कडेवरून फिरवत होत्या. “एवढंच सांगा कोणीतरी. हातात घेऊन बघितला, तेव्हा आवडला होता का?”